फावड्यावरून परत आलेला कोळसा

मी कोळसा बोलतोय. दगडी कोळसा, खाणीतला, खरा. हे ‘खरा’ मला मुद्दाम सांगावं लागतं, यातच माझी सगळी कर्मकहाणी आली. ज्या माणसाच्या घरात सध्या मी आहे, त्यानं मला फोडलं, कुटलं, चाळलं, धुतलं, डिंकात बुडवलं आणि एवढं सगळं करून मी कोळशासारखा दिसत नाही म्हणून मला काळा रंग दिला. कोळशाला काळा रंग! आता यावर बोलायचं तरी काय, तुम्हीच सांगा.

माझ्या जन्माची गोष्ट लांबवत नाही. झाडं होती, ती गाडली गेली, वर माती बसली, दगड बसले आणि फार फार वर्षांनी मी झालो. शाळेच्या पुस्तकात हे सगळं असतं. फक्त पुस्तकात आमचं चित्र बटाट्यासारखं काढतात, तेवढं मनावर घेऊ नका. आम्ही गोल नसतो. आम्ही चौकोनी फुटतो, अंगावर चकचकीत आणि मंद असे पट्टे असतात आणि हातात घेतलं तर आम्ही दगडापेक्षा बरेच हलके लागतो. शिवाय हात काळे करतो, त्याबद्दल लोक काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे.

खाणीतून निघालो, मालगाडीच्या वाघिणीत पडलो, रेल्वेच्या कोळसा-यार्डात येऊन ढिगात बसलो. तिथे सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे आग. कोळशाच्या जन्माला येऊन दुसरं काय मागणार? आंब्याच्या झाडाला आंबे लागावेत, तशी आम्हाला आग लागावी, एवढीच अपेक्षा.

तेव्हा वाफेची इंजिनं होती. इंजिनाच्या मागे कोळशाचा डबा असतो, त्याला टेंडर म्हणतात. त्यातून फावड्यानं कोळसा उचलायचा, वळायचं आणि भट्टीच्या तोंडात फेकायचा, हे फायरमनचं काम. माझ्या नशिबात जो फायरमन आला तो हाडाचा कामसू आणि तोंडाचा फटकळ. त्याचा सगळ्यात मोठा राग कोळशावर. जन्मभर त्याला जो कोळसा मिळाला त्यात निम्मी दगडमाती. भट्टीत टाकला की नुसता धुमसायचा, वाफ चढायची नाही, ड्रायव्हर याच्यावर ओरडायचा, आणि गाडी थांबली की भट्टीच्या जाळीवर बसलेली राखेची ढेकळं सळईनं फोडायला पुन्हा हाच. “कोळसा म्हणून काय वाट्टेल ते गळ्यात मारतात,” असं तो उठता-बसता म्हणायचा.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या फेरीत, मी त्याच्या फावड्यावर आलो.

भट्टीचं दार उघडं होतं. धग माझ्या अंगाला लागली. आता एक झटका आणि मी आत, असं वाटत असतानाच तो थांबला. त्यानं मला खाली ठेवलं, वाकून पाहिलं, बोटानं टिचकी मारली. माझा आवाज कसा खणखणीत आला.

“हा बघा हो,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “इतकी वर्षं कुठे होता हा? आज यायचं? शेवटच्या दिवशी?”

“मग टाक की आत,” ड्रायव्हर म्हणाला.

“नाही टाकत, जा. जन्मभर दगड दिलेत मला. हा एक मी देत नाही.”

आणि त्यानं मला घाम पुसायच्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. भरल्या ताटावरून उठवणं म्हणतात ना, ते हेच. त्याचा राग होता कोळसा पुरवणाऱ्यांवर आणि शिक्षा झाली मला, ज्याच्यात खोट काढायला जागा नव्हती त्याला.

घरी त्याच्या बायकोनं फडकं सोडलं आणि कपाळाला हात लावला.

“लोक नोकरीवरून घरी बसताना घड्याळ आणतात, भांडी आणतात. तुम्ही कोळसा आणलात?”

“साधा नाही. चांगला आहे.”

“तुमचे शर्ट धुऊन धुऊन माझी नखं अजून स्वच्छ झाली नाहीत. त्यात आता हा शोभेला.”

पण तिनंच मला फळीवर जागा करून दिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला फायरमन मला दाखवायचा. पट्टे कसे आहेत बघा, वजन कसं आहे बघा, असा कोळसा रोज मिळाला असता तर माझी पाठ अशी झाली नसती, वगैरे. लोक मान डोलवायचे आणि चहा प्यायचे. पहिली काही वर्षं बरी गेली. मग त्याच्या मनात भलतंच घुसलं.

“पेटवून बघायला हवा होता,” तो म्हणायला लागला. “दिसायला पुष्कळ दिसतात असे. आत काय आहे कोणी सांगावं?”

म्हणजे पाहा! मला आगीच्या दारातून परत आणणारा हाच आणि माझ्यावर संशय घेणाराही हाच. बायको म्हणायची, “मग पेटवा ना एकदाचा.” तो म्हणायचा, “उद्या बघू.” पेटवला तर कळेल, पण मग राहणार नाही, ठेवला तर राहील, पण कळणार नाही. या चक्रात तो अडकला तो अडकलाच. शेवटच्या आजारात खाटेवर पडल्या पडल्या त्यानं माझ्याकडे बघत विचारलं, “चांगला असेल का गं?”

“असेल हो. तुम्ही झोपा आता,” ती म्हणाली.

तो गेला आणि प्रश्न तसाच राहिला. तिनं मग मला पेटवलंही नाही आणि फेकलंही नाही. फळी पुसताना मला उचलायची, पुसायची, काळी झालेली बोटं धुवायची. एकदा शेजारणीनं विचारलं, कशाला ठेवलंय हे ध्यान? तर म्हणाली, “त्यांना एवढंच जाणून घ्यायचं राहिलं होतं.” खरं सांगू का, मलाही ते ठाऊक नाही. जळल्याशिवाय कोळशाला तरी आपली लायकी कशी कळणार? वरून कितीही बढाया मारल्या तरी आत ती धाकधूक होतीच आणि त्या म्हाताऱ्यानं जाता जाता ती वाढवून ठेवली.

मग तिच्या घराला रंग द्यायचं निघालं. ती धाकट्या बहिणीकडे राहायला गेली आणि तिचं मोडण्या-फुटण्यासारखं सामान लेकीकडे आलं. एका खोक्यात फायरमनचा फोटो, काचेची भांडी आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेला मी. खोकं ठेवलं मागच्या खोलीत, एका मोठ्या टेबलाखाली. त्या टेबलावर काय होतं, हे मला आधी ठाऊक असतं तर मी वाटेतच कुठेतरी गडगडलो असतो.

टेबलावर रेल्वे होती. खेळण्यातली म्हणू नका, जावयाला राग येतो. ती ‘मॉडेल’ रेल्वे. सगळं सत्त्याऐंशी पटीनं लहान. स्टेशन, फलाट, सिग्नल, बोगद्याचा डोंगर आणि बोटाच्या पेराएवढे प्रवासी, ज्यांची गाडी कधीच सुटत नाही. जावई धंद्यानं कवळ्या करणारा. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, हा घरातल्या पुढच्या खोलीत बसून त्यावर दात बसवतो. हात खरोखर सोन्यासारखा. सासूबाईंची कवळीसुद्धा त्याच्याच हातची. दिवसभर खोटे दात खरे दिसावेत म्हणून धडपडायचं आणि संध्याकाळी मागच्या खोलीत येऊन तेच रेल्वेचं करायचं, असं त्याचं आयुष्य.

माझं खोकं अर्धवट उघडं होतं, त्यामुळे मी सगळं पाहत होतो, ऐकत होतो. त्याच्या इंजिनाच्या टेंडरवर कंपनीनं प्लास्टिकचा एक काळा उंचवटा बसवून दिला होता आणि त्यालाच कोळसा म्हणायचं होतं. इतके दिवस त्याचं चाललं होतं. पण एके दिवशी त्याचा मित्र आला. हा चष्म्यांच्या दुकानाचा मालक, यालाही रेल्वेचंच वेड. त्यानं भिंग लावून सगळं पाहिलं, वाहवा केली आणि निघता निघता म्हणाला, “बाकी झकास आहे रे. कोळसा तेवढा चॉकलेटसारखा दिसतोय.”

झालं. त्या दिवसापासून जावयाचा डोळ्याला डोळा लागेना.

त्यानं आधी चहाची पूड रंगवून टेंडरमध्ये घातली. वरून डिंकाचं पाणी पडल्यावर ती फुगली आणि टेंडरमधून बाहेर आली. मग मोहरीला काळा रंग दिला. मोहरी ती मोहरीच, गोल आणि सगळी एका मापाची. इंजिन निघालंय की फोडणी, कळेना. मग लाकडी कोळसा आणला. तो कुटला तर त्याच्या पडल्या काड्या आणि डिंकावर तरंगायला लागला. मी खोक्यातून बघत होतो. लाकडी कोळशाशी आमचं नाव जोडतात, एवढाच काय तो संबंध. माशांच्या टाकीतल्या गाळणीतली काळी गोळी आणून झाली, कवळीचं प्लास्टर काळं करून फोडून झालं. ते आतून पांढरं निघालं, कारण रंग नीट कालवलाच नव्हता.

या सगळ्यात घरातली चहाची गाळणी गेली, पिठाची चाळणी गेली.

“माझी गाळणी कुठंय?” फायरमनची लेक दारात उभी.

“अगं, कोळशाला लागली.”

“कुठल्या कोळशाला? इथे कोळसा आहे कुठे?”

“तेच तर दुखणं आहे,” तो म्हणाला.

मग तो खरा कोळसा शोधायला निघाला. लाकडाच्या वखारीत विचारलं, तिथला माणूस म्हणाला दगडी कोळसा आता जाळतं कोण, गॅस आलाय ना घरोघर. इस्त्रीच्या दुकानात विजेची इस्त्री. शेवटी तो वापरात नसलेल्या रेल्वेमार्गावर गेला आणि रुळांमधली खडी उपसायला लागला. परत आल्यावर बायकोला सांगत होता ते मी ऐकलं. जवळच्या चालू रस्त्याच्या फाटकावरच्या माणसानं त्याला हटकलं होतं.

“काय हरवलं साहेब? अंगठी का?”

“नाही, कोळसा बघतोय.”

“किती पडला होता?”

“माझा नाही हो. पूर्वीच्या गाड्यांमधून पडला असेल तो.”

तो माणूस म्हणे फाटकाच्या खोलीत गेला आणि दाराला आतून कडी लावली. एवढं करून जावयानं पिशवी भरून आणली ती कसली, तर जळून गेलेल्या कोळशाच्या राखेची भोकाभोकांची ढेकळं. म्हणजे ज्यांना आग लागून गेली होती असे. मी त्यांच्याकडे किती हेव्यानं पाहिलं असेल, याची कल्पना करा.

आणि मग त्याची नजर खोक्यात गेली.

मी कोण आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. लग्न झाल्यापासून सासूबाईंच्या फळीवर तो मला बघत आला होता. त्यामुळे मला उचलल्यावर त्यानं आधी दाराकडे पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाला, “एक कोपरा. मागच्या बाजूचा. कळणारसुद्धा नाही.” दातांची डागडुजी करून करून त्याला वाटत असावं, कशाचाही एक कोपरा काढता येतो.

अहो, चांगल्या कोळशाला कोपरा नसतो! आमच्या अंगात उभ्या-आडव्या चिरा असतात, बाहेरून दिसत नाहीत. त्यानं बारीक छिन्नी लावली, हळूच, अगदी हळूच हातोडी मारली आणि मी आडवा-उभा, चहूकडून सुटलो. टेबलावर माझा ढीग झाला. मधला अक्रोडाएवढा गाभा तेवढा धड राहिला.

तो खाली बसला. थोड्या वेळानं उठला आणि त्याच्या तोंडून असं वाक्य आलं की मला आजही चीड येते. म्हणाला, “आता फुटलाच आहे तर...”

पुढचं काय सांगू? मला फडक्यात बांधून कुटलं. चहाच्या गाळणीतून, मग पिठाच्या चाळणीतून चाळलं. सगळे खडे एका मापाचे निघेपर्यंत चाळलं आणि उरलेली भुकटी पाण्यात घालून धुऊन टाकली. अहो, खऱ्या ढिगात भुकटीही असते आणि डोक्याएवढे तुकडेही असतात, कुठलंही यार्ड आठवा! पण याला एकसारखं हवं, कारण दात एकसारखे लागतात. मग मला चिमट्यानं टेंडरमध्ये रचलं आणि पांढऱ्या डिंकात पाणी घालून, वर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, ड्रॉपरनं माझ्यावर सोडलं. वाळल्यावर मी करडा दिसायला लागलो. दिव्याखाली तर मातकट. तो भिंग लावून बघत राहिला, मान हलवत राहिला आणि शेवटी बारीक ब्रश घेऊन त्यानं मला काळा रंग दिला. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला मित्र आला आणि म्हणाला, “हां! आता खरा कोळसा वाटतो.”

चिडणार तरी कसा? अंगात ताकदच उरली नव्हती.

गाभा मात्र त्यानं एका छोट्या डबीत घालून ठेवला. ही सगळी मंडळी अशीच, काही टाकवत नाही. पुढे लागेल, म्हणायचं आणि डबी फळीवर सरकवायची.

मग एके सकाळी फोन आला. रंगकाम आटोपलं, दुपारी सामान न्यायला येते, असं सासूबाईंनी सांगितलं. लेक खोकं आवरायला मागच्या खोलीत आली, टॉवेल उचलला आणि तो हलका लागला. तिनं टेबलाकडे पाहिलं. इंजिन उभं होतं, टेंडर शिगोशीग भरलेलं.

“हा कोळसा कुठला?”

जावयानं चिमटा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“अरे, मी विचारतेय, हा कोळसा कुठला?”

“एक कोपरा घेणार होतो फक्त. देवाशपथ.”

तिला आधी राग आला नाही. ती खुर्चीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राग त्याच्यानंतर आला आणि जो आला तो मी सांगत नाही. शेवटी ती म्हणाली, “आईला काय सांगणार आहेस?”

“करून देतो.”

“काय करून देतोस?”

“कोळसा.”

आता बघा. ज्या माणसानं मोठा कोळसा फोडून बारीक केला, तो आता बारीक कोळसा जोडून मोठा करायला बसला. कवळ्यांचं प्लास्टर काळं कालवलं, या वेळी नीट. फायरमनच्या फोटोत मागे फळीवर मी दिसतो, तो फोटो भिंगाखाली धरला आणि माझ्यासारखा आकार कोरून काढला. त्यावर माझेच उरलेले खडे डिंकात घोळवून चिकटवले, पट्टे दाखवायला कुठे चमक दिली, कुठे मंद ठेवलं, आणि कवळी घासायच्या चाकावर हलकेच फिरवून सगळं बसतं केलं. लेक दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिनं त्याला चहा दिला. काम सुरेख झालं होतं, हे मला कबूल करावं लागेल. मला शेजारी ठेवलं असतं तर लोकांनी मलाच नक्कल म्हटलं असतं.

दुपारी सासूबाई आल्या. पाणी प्यायल्या, रंगाऱ्याच्या तक्रारी सांगितल्या आणि खोक्यापाशी बसल्या. फोटो काढला, पदरानं पुसला. मग टॉवेल उलगडून ते प्लास्टरचं ध्यान हातात घेतलं.

त्यांनी ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग बोटं उलटी करून पाहिली.

“जड झालाय,” त्या म्हणाल्या.

“दमट हवेनं असेल, आई,” जावई म्हणाला.

“आणि बोटं स्वच्छ आहेत माझी.” त्यांनी ते ध्यान टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. “जावईबापू, दात तुम्ही केलेले चालतात मला. कोळसा नाही चालत.”

मग त्यानं सगळं सांगितलं. कोपऱ्याचं सांगितलं, आता फुटलाच आहे तर, हेही सांगितलं, धुतलेल्या भुकटीचं सांगितलं.   ऐकून झाल्यावर सासूबाई टेबलाजवळ आल्या आणि वाकून टेंडरकडे पाहिलं.

“हा काळा रंगवलाय?”

“हो.”

“कोळसा?”

“हो, आई.”

त्या हसायला लागल्या. आधी थोडं, मग इतकं की लेकीनं त्यांना खुर्चीवर बसवलं. हसता हसता कधी रडू लागल्या ते कोणाला कळलं नाही. “हे असते ना,” त्या म्हणाल्या, “तर तुम्हाला फावड्यानं बडवलं असतं.”

“मला माहितीये.”

“सगळा संपवलात?”

जावई उठला, फळीवरून डबी आणली आणि उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी माझा गाभा तळहातावर घेतला. तळहात काळा झाला. मला वाटलं, आता मला रुमालात बांधतील, घरी नेतील, रंगवलेल्या भिंतीपाशी फळीवर ठेवतील आणि पुन्हा पुसणं सुरू. माझा जीव कंटाळला होता.

“शेगडी आहे का घरात?” त्यांनी लेकीला विचारलं.

“माळ्यावर असेल. का गं?”

“काढ.”

“आई, एवढाच उरलाय तो. बाबांचा.”

“म्हणूनच सांगतेय. उद्या-उद्या करत ते गेले. मीही तेच करत बसले. आता याचं आणखी काही व्हायच्या आत पेटवा.”

मागच्या गॅलरीत शेगडी ठेवली. जावयाच्या फसलेल्या प्रयोगातला लाकडी कोळसा अजून पिशवीत होता, तो खाली घातला. त्याचा निखारा झाल्यावर सासूबाईंनी मला स्वतःच्या हातानं वर ठेवलं. जावयाला सांगितलं, वरून फुंकू नका, खालून वारा घाला. तो गुडघ्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घालायला लागला.

आता मी इथे आहे. खालून धग येतेय. सांगायला लाज वाटते, पण मला भीती वाटतेय. इतकी वर्षं या क्षणासाठी जीव टाकला आणि आता मनात येतंय, की तो म्हातारा म्हणायचा तसं आत दगडच निघाला तर? या बाईनं इतकी वर्षं दगड पुसला, असं ठरलं तर? पहिला धूर निघतोय, जाड आणि पिवळट. जावई खोकतोय. लेक आईकडे बघतेय. 

वेळ आहे तोवर रेल्वेवाल्यांना एवढंच सांगतो. गाड्या चालवा, डोंगर करा, माझी तक्रार नाही. कोळसा हवा तर कुटा, पण भुकटी टाकू नका, लहान-मोठे तुकडे राहू द्या आणि कृपा करून ब्रशला हात लावू नका. टेंडरमध्ये माझेच तुकडे आहेत, त्यांच्या इंजिनात आग कधी पेटणार नाही, हे त्यांना कोणी सांगू नका. बरं, येतो मी.

धूर सरला. कडेनं एक जीभ आली, मग दुसरी, आणि मी उभा पेटलो. तडतड नाही, धुमसणं नाही, उंच, स्वच्छ, पिवळी ज्योत. जावयाचा हात थांबला. आता वाऱ्याची गरजच नव्हती. सासूबाई शेगडीपाशी सरकल्या, पदर सावरला आणि जिथे कोणीच बसलं नव्हतं त्या बाजूला मान वळवून म्हणाल्या, “अहो, चांगला होता.”